गंडस्थळात मेंदू नसतो: दोन हत्तींच्या मेंदूंची तुलना कशी होते

नागपूरच्या धंतोलीतल्या एका सेंटरमध्ये मी सतरा वर्षं एमआरआयचं मशीन चालवते. माणसाच्या मेंदूचा काप पडद्यावर आला की कुठला भाग कुठे असायला हवा हे आता डोळ्यांना पाठ झालं आहे. त्यामुळे हत्तीच्या मेंदूचा एमआरआय पहिल्यांदा पाहिला तेव्हा नजर दोन ठिकाणी अडखळली. कानशिलाच्या बाजूचा भाग दोन्हीकडे इतका फुगून बाहेर आला होता की माणसाच्या स्कॅनमध्ये असं काही दिसतं तर मी लगेच डॉक्टरांना बोलावलं असतं. शिवाय मागच्या बाजूला लहान मेंदू अगदी उघडा पडला होता. माणसात तो मोठ्या मेंदूच्या खाली झाकलेला असतो. हत्तीत तो मागे मोकळा बसतो, वरून कुणी पांघरूण घातलंच नाही असा.

हत्तीत हे दोन्ही अगदी नॉर्मल आहे. खरा प्रश्न मला नंतर पडला. हा मेंदू आफ्रिकी हत्तीचा होता. आपल्या हत्तीचा मेंदूही असाच असेल का?

आपण सरसकट 'हत्ती' म्हणतो, पण गडचिरोलीच्या जंगलात दिसणारा आशियाई हत्ती आणि आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला सव्हाना हत्ती यांच्या वाटा पन्नास लाखांहून जास्त वर्षांपूर्वी फुटल्या. माणूस आणि चिंपांझी ढोबळमानाने त्याच सुमारास वेगळे झाले. आपला हत्ती नात्याने आफ्रिकी हत्तीपेक्षा नामशेष झालेल्या मॅमथला जास्त जवळचा आहे. आफ्रिकेत दाट जंगलात राहणारा आणखी एक लहानखुरा हत्ती आहे आणि २०२१ पासून जागतिक लाल यादीत त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद होते. या लेखात मात्र बोलायचं आहे ते पहिल्या दोघांबद्दल.

मेंदूकडे जाण्याआधी डोक्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. आशियाई हत्तीच्या कपाळावर दोन घुमट असतात. आपल्या भाषेत त्यांना किती सुंदर शब्द आहे, गंडस्थळ. जुन्या काव्यात तर तिथे गजमोती सापडतात. टेकडीच्या गणपतीला हात जोडताना आपल्याही मनात कुठेतरी असतं की एवढ्या मोठ्या मस्तकात केवढी बुद्धी साठवलेली असेल. पण हत्तीच्या कवटीचा सीटी स्कॅन पाहिला तर त्या घुमटांत मेंदू नसतोच. सीटीमध्ये हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी. गंडस्थळाच्या जागी दिसतं ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं: पातळ हाडाच्या भिंती आणि मधे हवेच्या पोकळ्या. सोंडेचे स्नायू आणि सुळे पेलायला डोकं मोठं हवं, पण ते भरीव असतं तर मानेला उचलवलंच नसतं. म्हणून निसर्गाने ते पोकळ ठेवलं. मेंदू बसलेला असतो पार मागे आणि खाली. बाहेरून बघून त्याच्या आकाराचा अंदाज बांधताच येत नाही. आफ्रिकी हत्तीचं कपाळ उतरतं असतं, त्याला असे दोन घुमट नसतात. म्हणून त्याचा मेंदू लहान असेल असं मानणंही तितकंच चुकीचं.

मग मेंदू पाहायचा कसा? जिवंत हत्तीचा एमआरआय होत नाही. माणसांच्या मशीनच्या बोगद्याचं तोंड ६० ते ७० सेंटिमीटर असतं. मोठ्या हत्तीची सोंड तेवढी आत जाईल, डोकं नाही. त्यामुळे आज हत्तीच्या मेंदूचे जे स्कॅन आहेत, ते मेलेल्या हत्तीच्या कवटीतून मेंदू बाहेर काढून केलेले आहेत.

हे काढणं सोपं नसतं. मेंदू हा शरीरातला सगळ्यांत लवकर बिघडणाऱ्या अवयवांपैकी एक. विदर्भातल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, काही तासांतच तो मऊ पडायला लागेल. वर ती हाडाची पोळी करवतीने कापत आत पोचायचं, तेही आतल्या भागाला धक्का न लावता. दक्षिण आफ्रिकेतले पॉल मँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरची एक रीत सविस्तर लिहून ठेवली आहे. आधी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून मिठाचं पाणी सोडून मेंदूतलं रक्त धुऊन काढायचं, मग त्याच वाटेने मेंदू टिकवणारं रसायन आत सोडायचं. म्हणजे कवटी उघडायच्या आधीच मेंदू आतून घट्ट होतो. माझ्या मते हे या सगळ्या विषयातलं सगळ्यांत मोलाचं काम आहे, कारण पुढचं प्रत्येक माप इथे किती काळजी घेतली यावर अवलंबून आहे.

आता मशीनकडे येऊ. माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट एमआरआयला 'मोठा एक्स-रे' समजतात, पण त्यात एक्स-रे नसतातच. मेंदूचा बराचसा भाग पाणी असतो आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र चिमुकल्या लोहचुंबकासारखं वागतं. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ ३०,००० पट ताकद असते. त्या ओढीने या केंद्रांचा कल एका दिशेला होतो. मग रेडिओ लहरींचा एक झटका दिला की ती हलतात, आणि झटका थांबला की हळूहळू पूर्वीच्या जागी येतात. येताना ती बारीक सिग्नल सोडतात. परत येण्याचा वेळ सगळीकडे सारखा नसतो. पेशींनी गच्च भरलेला करडा भाग आणि स्निग्ध वेष्टण असलेल्या तंतूंचा पांढरा भाग यांत तो वेगळा असतो. त्या वेळेच्या फरकावरूनच चित्र बनतं. तो ठकठक आवाज, ज्याने पेशंट घाबरतात, तो आतल्या कॉइल्स क्षणाक्षणाला चुंबकत्व बदलत असल्याचा.

फॉर्मलीनमध्ये, म्हणजे मेंदू टिकवणाऱ्या रसायनात, ठेवलेल्या मेंदूचा स्कॅन मात्र जिवंत मेंदूसारखा होत नाही. रसायनाने तो परत येण्याचा वेळच बदलतो. करडा आणि पांढरा यांतला फरक फिका पडतो, आणि माणसासाठी ठरवलेली सेटिंग्ज तशीच लावली तर सगळं एकसारखं राखाडी दिसतं. घड्यांमध्ये अडकलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा भोवतालचं चित्र काळं करून टाकतो. म्हणून स्कॅनच्या आधी बुडबुडे काढावे लागतात आणि सेटिंग्ज नव्याने बसवावी लागतात. एक सोय मात्र आहे: हा पेशंट हलत नाही. रात्रभर स्कॅन चालू ठेवला तरी चालतं, आणि जितका जास्त वेळ तितका तपशील बारीक.

स्कॅनमधून मोजमाप कसं निघतं, ते सांगते. चित्र म्हणजे एकावर एक रचलेले काप, आणि प्रत्येक काप म्हणजे बारीक चौकोनी तुकडे. या तुकड्याला व्हॉक्सेल म्हणतात. तो एक मिलिमीटरचा असेल तर साखरेच्या दाण्याएवढा समजा. आता ५,३०० ग्रॅमचा मेंदू घ्या. मेंदू पाण्यापेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे त्याचं आकारमान भरतं सुमारे ५,१०० घन सेंटिमीटर. म्हणजे साखरेचे ५१ लाख दाणे. प्रत्येक दाणा लहान मेंदूत मोडतो, मोठ्या मेंदूत, की मेंदूच्या देठात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात), हे ठरवायचं. एकदा हद्दी आखल्या की उरतं ते फक्त मोजणं.

हद्दी आखणं हे मात्र जिकिरीचं काम. लहान मेंदूच्या घड्या इतक्या बारीक आणि दाट असतात की एकाच दाण्यात अर्धा करडा, अर्धा पांढरा आणि वर थोडं पाणीही येऊ शकतं. तो दाणा कुठल्या खात्यात टाकायचा? सगळ्या मेंदूंना तोच नियम लावला तर तुलना टिकते. एका मेंदूला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावला, तर जातींतला फरक म्हणून आपण आपल्याच हाताचा फरक मोजून बसतो.

कळमन्याच्या बाजारात संत्रं घेतलेल्या माणसाला हे पटकन कळेल. आंबिया बहाराच्या संत्र्याचा भाव मृग बहाराच्या संत्र्याला लावून कुणी सौदा करत नाही. सालीसकट तोललेलं फळ आणि सोलून तोललेल्या फोडी, यांची तुलना तर करूच नये. मेंदूचंही तसंच. त्याच्यावर एक जाड आवरण असतं. ते ठेवून तोललं की काढून, आत रक्त किती उरलं होतं, रसायनात किती महिने पडून होता, या सगळ्याने वजन हलतं. रिकाम्या कवटीचा सीटी काढून पोकळी मोजली तर आवरण आणि रक्तवाहिन्यांची जागासुद्धा मेंदूच्या नावावर चढते. आणि वय तर सगळ्यांत महत्त्वाचं. हत्तीच्या मेंदूचं वजन जन्मापासून मोठं होईपर्यंत साधारण तिप्पट होतं. नर-मादीच्या शरीरातही मोठा फरक असतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या मादीशी पूर्ण वाढलेली मादीच ठेवायची.

ही सगळी पथ्यं मनात ठेवून २०२५ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या मायकेल ब्रेख्त यांच्या गटाने दोन जातींची तुलना प्रसिद्ध केली. ताजं विच्छेदन, जुन्या नोंदी आणि एमआरआय, तिन्ही त्यात वापरलं होतं. निकाल बऱ्याच जणांना उलटा वाटला. आफ्रिकी हत्ती शरीराने मोठा, पण मेंदू आशियाई हत्तिणीचाच जड निघाला: सरासरी सुमारे ५,३०० ग्रॅम. आफ्रिकी सव्हाना हत्तिणीचा सुमारे ४,४०० ग्रॅम. माणसाचा मेंदू १,३०० ते १,४०० ग्रॅमच्या आसपास असतो, हे शेजारी ठेवून बघा. लहान मेंदूचा वाटा मात्र आफ्रिकी हत्तीत जास्त, एकूण वजनाच्या २२ टक्के. आशियाईत १९ टक्के.

हे टक्के वाचून पुष्कळ जण म्हणतील, आपल्या हत्तीचा लहान मेंदू छोटा. इथे जरा थांबून हिशोब करू. ५,३०० चे १९ टक्के म्हणजे १,००७ ग्रॅम. ४,४०० चे २२ टक्के म्हणजे ९६८ ग्रॅम. ढोबळ आकडेमोड आहे, सरासरीवरून केलेली, पण तिच्यातून एक गोष्ट उघड दिसते: दोघींचा लहान मेंदू जवळजवळ सारख्याच वजनाचा आहे, किलोभर. फरक पडला आहे तो बाकीच्या मेंदूत. आपल्या हत्तिणीकडे तो सुमारे साडेआठशे ग्रॅम जास्त आहे. वाटा कमी दिसतो कारण भागाकारात खालचा आकडा मोठा झाला. पेशंटच्या रिपोर्टवरही असंच होतं. टक्के वाचून लोक घाबरतात, आणि ते टक्के कशाचे हे विचारायचं राहून जातं.

मग आशियाई हत्ती जास्त हुशार का? मी असं म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मान्यही करणार नाही. वजन म्हणजे पेशींची संख्या नव्हे. २०१४ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाऊझेल आणि सहकाऱ्यांनी एका आफ्रिकी हत्तीच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या. एकूण चेतापेशी निघाल्या २५७ अब्ज, माणसाच्या ८६ अब्जांच्या जवळपास तिप्पट. पण त्यातल्या सुमारे ९८ टक्के एकट्या लहान मेंदूत होत्या. मोठ्या मेंदूच्या करड्या सालीत फक्त ५.६ अब्ज. माणसात तिथे सुमारे १६ अब्ज असतात. विचार करा, वजनाचा पाव हिस्साही नसलेल्या भागात जवळपास सगळ्या पेशी! मेंदू काट्यावर ठेवून हे कधीच कळलं नसतं.

लहान मेंदूत एवढी गर्दी कशासाठी? शाळेत आपण शिकलो की तो तोल सांभाळतो. तेवढंच नाही. हालचालींचा बारीक मेळ बसवणं, स्पर्शावरून पुढची हालचाल नीट बेतणं हेही तोच करतो. आणि हत्तीकडे सोंड आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही आलापल्लीच्या सागवनातून कमलापूरच्या हत्ती कॅम्पला गेलो होतो. तिथल्या एका हत्तिणीपुढे केळ्याचा छोटा तुकडा पडला होता. तिने सोंडेचं टोक त्यावर टेकवलं, वरच्या ओठासारखं जे एकच बोट असतं त्याने तुकडा आत ढकलला, आणि हातभर सोंड त्याच्याभोवती मुडपून तो तोंडात नेला. मग गवत. पायाने ओढून एक जुडी मोकळी केली, सोंडेत गुंडाळली आणि पुढच्या पायावर दोनदा आपटली. माती उडाली. महावत म्हणाला, "मातीनं दात झिजते नं, मॅडम. म्हणून झाडते ते." मी तिच्या त्या एकाच बोटाकडे बघत राहिले. आशियाई हत्तीला एकच बोट असतं, त्यामुळे तो वस्तू गुंडाळून धरतो. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला वर आणि खाली अशी दोन बोटं असतात. तो चिमटीत धरतो, जसं आपण मीठ धरतो.

हा फरक मेंदूतही सापडतो. चेहऱ्याचे आणि सोंडेचे स्नायू हलवणाऱ्या पेशींचा एक पुंजका मेंदूच्या देठात असतो. ब्रेख्त यांच्याच गटाने २०२२ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजला. आफ्रिकी हत्तीत त्यात सुमारे ६३,००० पेशी आढळल्या, आशियाईत सुमारे ५४,०००. चिमटीसाठी बोटाला जास्त पेशी लागतात हे समजण्यासारखं आहे. लहान मेंदूचा वाटा आफ्रिकी हत्तीत मोठा असण्याचं कारणही संशोधकांना इथेच, सोंडेच्या जास्त गुंतागुंतीच्या हालचालीत, दिसतं. आशियाई हत्तीच्या जड मेंदूचं नातं त्यांनी कळपातल्या वागणुकीशी आणि माणसाबरोबर जुळवून घेण्याशी जोडून पाहिलं आहे. हजारो वर्षं माणसाने कामाला लावला तो मुख्यतः आशियाई हत्तीच. ही शक्यता मला ओढ लावते, पण सोंडेच्या स्पष्टीकरणाइतकी घट्ट मी ती धरत नाही.

एमआरआयने खूप काही दिलं, यात शंका नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आफ्रिकी हत्तीच्या स्कॅनमध्ये मेंदूचं आकारमान ३,८८६.७ घन सेंटिमीटर भरलं, आणि आठवणींशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग माणूस-माकडांच्या मानाने मोठा आणि जास्त घड्यांचा दिसला. त्यासाठी मेंदूचे तुकडे करावे लागले नाहीत. तोच मेंदू हवा तसा, हव्या त्या दिशेने पुन्हा पुन्हा पाहता आला. दुर्मीळ नमुन्याच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट नाही. आज मोजलेला मेंदू उद्या दुसरा कुणी नव्या नियमाने पुन्हा मोजू शकतो, आणि नागपुरात बसलेली माझ्यासारखी बाईसुद्धा तो उघडून बघू शकते.

पण साखरेच्या दाण्याहून बारीक जे आहे ते बघायला मेंदूचे काप करून सूक्ष्मदर्शकच हवा. २०२४ मध्ये तेच झालं. मेंदूच्या देठातल्या एका भागाला इतकी वर्षं वेगळंच काही समजलं गेलं होतं. तो सोंडेच्या स्पर्शाचा नकाशा निघाला. त्यात स्निग्ध वेष्टणाच्या तंतूंचे पट्टे आहेत, आणि त्या पट्ट्यांची संख्या, जाडी आणि दिशा सोंडेवरच्या वळ्यांशी जुळते. सोंड जिथे मुडपते तिथे वळी, आणि मेंदूत त्या वळीचा पट्टा.

वळ्याही दोघांच्या सारख्या नाहीत. सोंडेच्या वरच्या अंगाला आशियाई हत्तीच्या मोठ्या वळ्या सरासरी सुमारे १२६ असतात, आफ्रिकी हत्तीच्या सुमारे ८३. गुंडाळून धरणाऱ्या सोंडेला मुडपायच्या जागा जास्त लागतात. हे वाचल्यावर मी मोबाईलमधला कमलापूरचा फोटो मोठा केला आणि त्या हत्तिणीच्या सोंडेवर टोकापासून वर बोट सरकवत मोजायला घेतलं. सत्तेचाळीसपर्यंत पोचले. पुढच्या वळ्या तिने उचललेल्या गवताच्या जुडीमागे होत्या.